शिव्या खाण्याची परीक्षा

(बेळगाव, १९३७. मिशनच्या आवारातली वर्गाची खोली. पदवी घेतलेल्या ख्रिस्ती तरुणांना आजारी आणि दुःखी माणसांचं सांत्वन करण्याचं शिक्षण देणारा दोन वर्षांचा वर्ग इथे भरतो. आज पहिल्या तुकडीची तोंडी परीक्षा. परीक्षक रेव्हरंड आढाव. समोर शेवटची उमेदवार, रिबका सोनटक्के.)

आढाव : बरं. मग तुम्ही त्या घरातून उठलात. उठताना काय म्हणालात?

रिबका : 'येते' म्हणाले.

आढाव : नीट सांगा.

रिबका : 'येते हं यशोदाबाई, परत येते मी.' असं म्हणाले.

आढाव : मयताच्या घरात.

रिबका : हो, साहेब.

आढाव : लेकीचं दिवसपाणी उरकलं नव्हतं, त्या घरात.

रिबका : हो.

आढाव : मी निपाणीकडचा. तंबाखूच्या वखारीमागं वाढलो. घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी चांगला जाणता होतो, त्यामुळं ह्या गोष्टी मला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. मयताच्या घरून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाही. मुकाट उठतो नि चालू लागतो. तशा कारणानं पुन्हा त्या घरी यायची पाळी येऊ नये, म्हणून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही तर बी. ए. आहात.

रिबका : कोल्हापूरला झाले. तिथं हा विषय नव्हता.

आढाव : परीक्षकाला उलट उत्तर देऊ नये, हा विषय तरी होता का?

रिबका : उलट नाही हो, खरं तेच सांगते. मी ह्याच आवारात जन्मले. आईवडील दोघंही मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. गाव कसलं, भावकी कसली, आम्हाला काहीच नाही. आमच्यात कुणी गेलं की कबरीवर माती टाकताना सगळे म्हणतात, 'पुन्हा भेटू.' आई गेली तेव्हा मीही म्हणाले. त्या दोन शब्दांवर मी ते वर्ष काढलं. मला वाटलं, जाताना 'परत येते' म्हणण्याहून मायेचं दुसरं काय असणार?

आढाव : हं. आवाराच्या भिंती फार उंच झाल्या आहेत आपल्या. मग? त्या घरानं काय केलं?

रिबका : यशोदाबाईंची जाऊ आहे, गुणाबाई. तिनं माझ्या पाठोपाठ उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मला वाटलं, त्यांच्या येळ्ळूर गावात पाहुण्याला निरोप देण्याची ही रीत असेल. मी मागं वळून हसले.

आढाव : हसलात?

रिबका : नमस्कारही केला. शहरात खासबागेजवळ येईपर्यंत मी मनात खूश होते. टांगेवाला परशराम त्याच गावचा. तो सगळं बघत होता आणि वाटभर बोलला नाही. मी उतरताना म्हणाला, 'बाई, तुमच्या साळंत हेच शिकवत्यात व्हय?' मग त्यानं समजावून सांगितलं, ते पाणी माझं अभद्र बोलणं धुऊन काढायला होतं. साहेब, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आढाव : तुमच्या वर्गाच्या शिक्षकांना, अमोलिकांना, कधी सांगितलंत?

रिबका : तशीच त्यांच्याकडे गेले. अमोलिक सर चिडले नाहीत. ते घर आता माझ्या वर्गातल्या सोलोमनला देऊ म्हणाले, आणि तुम्हाला दवाखान्यातला एखादा हाडमोडीचा रोगी देतो, तो बरा होऊन घरी जाईल, तुमची परीक्षाही नीट पार पडेल.

आढाव : शहाणा सल्ला.

रिबका : होता. मी ऐकला नाही.

आढाव : का?

रिबका : मीच घाव घालायचा आणि मलमपट्टी सोलोमननं करायची, हे मला पटेना. आणि त्या बाईंना आधीच पुरेसं होतं. त्यांची लेक अक्काताई बाळंतपणात आपल्या दवाखान्यात गेली. तिची तान्ही मुलगी वाचली. त्या दिवसापासून यशोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, रडत नव्हत्या, नातीकडं बघत नव्हत्या. गुणाबाई तिला शेळीचं दूध पाजत होती. नर्सनं सरांना सांगितलं, म्हणून सरांनी मला पाठवलं. आणि मी जाऊन असं केलं.

आढाव : म्हणजे परत गेलात. जे म्हणायचं नव्हतं ते म्हणालात, वर ते खरंही करून दाखवलंत.

रिबका : हो. पण आत गेले नाही. अंगणातच थांबले. गुणाबाई केरसुणी घेऊन आली. मी म्हणाले, 'चुकले. मला ठाऊक नव्हतं. तेवढंच सांगायला आले.' तिनं काही ऐकून घेतलं नाही. आजूबाजूची माणसं दारात जमली. तेवढ्यात आतून आवाज आला, 'तीच काय गं ती?'

आढाव : कुणाचा?

रिबका : यशोदाबाईंचा. गुणाबाईच्या हातातली केरसुणी पडली. लेक गेल्यापासून बाई पहिल्यांदा बोलल्या होत्या. उठून बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, आणि मला शिव्या द्यायला सुरुवात केली.

आढाव : काय म्हणाल्या?

रिबका : सगळं सांगू?

आढाव : परीक्षेत शोभेल तेवढं.

रिबका : मग फारच थोडं उरतं. आधी माझ्या जिभेला शिव्या दिल्या. मग माझ्या शाळेला, मग दवाखान्याला, डॉक्टरणीला. मग जावयाला, तो तेराव्यालाच आपल्या गावी निघून जायची भाषा करत होता. मग देवाला. आणि शेवटी त्यांचा आवाज बसला आणि त्या म्हणाल्या, 'बाळंतपण घरात करूया असं समदी म्हणत हुती. मीच हट्ट धरला. मीच तिला गाडीत घातलं.'

आढाव : तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?

रिबका : काहीच नाही.

आढाव : काहीच नाही?

रिबका : उत्तर होतं माझ्याजवळ. डॉक्टरणीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की ती घरी राहिली असती तर मायलेकी दोघीही गेल्या असत्या. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर दवाखाना सुटला असता, मीही सुटले असते. पण त्या मला विचारत नव्हत्या. त्यांना तेव्हा समोर बसून ऐकणारं माणूस पाहिजे होतं, तर मी बसले. मग त्या रडायला लागल्या. आणि गुणाबाई, केरसुणीवाली, तीही माझ्या शेजारी येऊन बसली आणि रडायला लागली. मीसुद्धा.

आढाव : पुस्तकात सांत्वन करणाऱ्यानं रडावं असं आहे का?

रिबका : नाही. पण रडू नये असंही नाही. मी बघितलंय.

आढाव : आणि ते उत्तर? डॉक्टरणीचं?

रिबका : पुढच्या आठवडी बाजाराच्या आधी त्यांनीच विचारलं, सरळ. 'घरी ठेवली असती तर जगली असती काय गं?' तेव्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्या गुणाबाईला म्हणाल्या, 'पोरगी दे हिकडं.'

आढाव : म्हणजे चूक झाली ते बरंच झालं, असं तुमचं म्हणणं.

रिबका : मुळीच नाही. चूक ती चूक. त्या घराला मी आणखी एक रात्र भीतीत घालवायला लावली, ती मला फेडता यायची नाही. सुदैव माझं, की त्यांना राग काढायला माणूस लागत होतं.

आढाव : आता मी जरा स्पष्ट बोलतो, रिबकाबाई. मी मिशनच्या मंडळातर्फे आलोय. मंडळाचं म्हणणं असं, की दोन वर्षं खर्च करून पदवीधर पोरांना नुसतं बसायला शिकवायचं, तर त्याला वर्ग कशाला? बसायला प्रत्येकालाच येतं. आणि ते अमोलिकांचे नाटकाचे तास. मी ऐकलंय त्याबद्दल.

रिबका : नाटकाचे नाहीत, शिव्यांचे. आम्ही असंच म्हणायचो. सर एकेकाला खुर्चीवर बसवायचे. बाकीचे तिघे मयताचे नातलग व्हायचे आणि त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे. त्यानं स्वतःची बाजू मांडली की तास पुन्हा पहिल्यापासून. सोलोमन तर आवाज बदलून बदलून शिव्या द्यायचा. मी फार वाईट होते ह्यात. माझी जीभ कशी आहे ते तुम्ही बघताच आहात. पहिलं वर्षभर मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. घरी जाऊन रागानं रडायची. सर म्हणायचे, 'तुमचं बरोबर असतं हो, पण तुमचं बरोबर असणं त्या घरी कुणाच्या कामाचं?'

आढाव : अमोलिक असं म्हणाले?

रिबका : शंभरदा. साहेब, बसायला प्रत्येकाला येत नाही. दोन वर्षांपूर्वीची रिबका त्या अंगणातून पाचव्या शिवीला उठून गेली असती. त्यातही खाली मान घालून नाही, तर दोन शब्द सुनावून. तुमचं मंडळ विचारतं ना वर्गानं काय शिकवलं? मला हे शिकवलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आढाव : हं. आता प्रार्थनेकडे येऊ. त्या घरी तुम्ही प्रार्थना...

यशोदाबाई : हितं हाय व्हय ही? आनि मी समदं आवार पालथं घातलं की गं.

आढाव : अहो, कोण तुम्ही? आत परीक्षा चालू आहे.

यशोदाबाई : तेच म्हनतो मी. कसली परीक्षा? तुमी हिचा न्याय करालासा न्हवं? येळ्ळूरच्या मयताच्या घरात ही 'येते' म्हनाली, म्हनून? परशरामानं सांगितलं मला.

रिबका : आक्का, न्याय नाही हो हा...

यशोदाबाई : तू गप. तुला बोलाय येत न्हाय, ते म्हाईत हाय गावाला. ओ पाद्रीअण्णा, मी यशोदाबाई. ते मयताचं घर माजं. दंड करनार असशीला तर आदी माजं ऐका.

आढाव : तुमचं घर? बसा. बसा, बाई. दंड नाही. शिकलेलं नीट जमतं की नाही, एवढंच बघतोय. आलाच आहात तर तुम्हालाच विचारतो. ह्यांनी तुमच्या घरी येऊन काय केलं?

यशोदाबाई : माज्या शिव्या खाल्ल्या.

आढाव : आणि?

यशोदाबाई : आनि काय? लई खाल्ल्या. तुमी खाल्लाय काय कवा एवड्या? सोयरं आलतं, पावनं आलतं. देवाची मर्जी म्हनून गेलं, नशीब म्हनून गेलं, पोरगीकडं बगून विसर म्हनून गेलं. समदी शानी मानसं. त्यास्नी शिवी देऊन भागतंय व्हय? ह्या बाईला देता आली. दिली. आनि दुसऱ्या दिशी बगतो तर ही पुन्यांदा दारात. म्हटलं, हिला लाज न्हाय तर न्हाय, पर ही मानूस हाय. जरा धरा ह्या माज्या नातीला, अण्णा, माजा हात अवघडलाय.

आढाव : मी? अहो, मला... बरं. द्या.

यशोदाबाई : मानंखाली हात घाला. असं. ही तुमची बाई बी तशीच धरती, जशी काय काचंची बरनी. भाकरी थापाय येत न्हाय, चूल फुकाय येत न्हाय, लेकरू धराय येत न्हाय. तिला आनि थोडं शिकवा.

आढाव : लिहून घेतो. म्हणजे, हात मोकळा झाला की घेतो. बाई, एक विचारू? ह्यांनी तुम्हाला आमच्या देवाचं काही सांगितलं?

यशोदाबाई : मीच इचारलं. म्हटलं, तू असं अभद्र का गं बोललीस? तवा तिनं सांगितलं, आमच्यात मेलेल्याला पुना भेटू म्हनत्यात, माज्या आईला मी तसंच म्हनालो. सांगता सांगता रडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरीवला. मला बरं वाटलं ते ऐकून. अक्काताई मला भेटंल का न्हाय, कुनाला ठावं. पर कोन तरी तसं म्हनतंय, हे बरं हाय. माजा देव मी सोडला न्हाय, अण्णा. ही पोरगी बाळसं धराय लागल्यावर आमच्या गावदेवीला, चांगळेश्वरीला, नारळ वाडीवलाय मी. ही बाई बी हुती संगं. खोबरं खाल्लं तिनं.

आढाव : खोबरं खाल्लं?

रिबका : खाल्लं, साहेब. दिलं, खाल्लं.

आढाव : हे मी लिहून घेत नाही.

यशोदाबाई : काय लिवायचं ते लिवा, पर बेगीनं लिवा. मी हिला न्यायला आलोय. आमच्या गल्लीतल्या भावकूला काल बैलानं शिंगावर घेतलं. गेला. त्याची बायकू जयाबाई, माज्या लेकीच्या वयाची. बैलगाडी बाहीर हाय. चल गं.

आढाव : थांबा. रिबकाबाई, तुमची परीक्षा अर्धी झालीय. अर्ध्यावर उठून जाणारा उमेदवार नापास, असा नियम आहे. मी केलेला नाही, पण पाळायला मला बसवलंय. पुढची परीक्षा घ्यायची की नाही हेच मंडळानं ठरवलेलं नाही. आणि दवाखान्यात रोग्यांना नि त्यांच्या घरच्यांना धीर देण्यासाठी जी एक जागा काढलीय, ती पास होणाऱ्यालाच मिळणार. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे ना?

रिबका : ठाऊक आहे.

आढाव : संध्याकाळी गेलात तरी चालेल. मी तासाभरात सोडतो.

रिबका : साहेब, मला ही परीक्षा पास व्हायचंय. कोल्हापूरहून आल्यापासून मी दुसरं काही मागितलेलं नाही. ती जागा गेली तर मला पुन्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवावा लागेल, आणि भूगोल मला मुळीच आवडत नाही. पण जयाबाई तिथं बसली असताना मी इथं बसून सांत्वन म्हणजे काय ते तुम्हाला समजावून देऊ, हे मला जमायचं नाही. आक्का, चला. माझी छत्री कुठं ठेवली मी?

यशोदाबाई : दाराआड हाय. घे.

आढाव : रिबकाबाई.

रिबका : जी.

आढाव : तुम्ही उठलात, पण अजून खोलीतच आहात. खोलीत उमेदवार आहे तोवर परीक्षा चालू आहे, असा नियमाचा अर्थ मी लावतो. परीक्षक मी आहे. बाकीचे प्रश्न मी सोडले. एकच विचारतो. जयाबाईच्या घरी गेल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय असेल?

रिबका : मला ठाऊक नाही, साहेब. आधी ती काय बोलते ते ऐकेन.

आढाव : आणि ती बोललीच नाही तर?

रिबका : तर बसेन.

आढाव : कंटाळून घरच्यांनी हाकलून दिलं तर?

रिबका : अंगणात बसेन. अंगणाची मला सवय आहे.

आढाव : पास.

रिबका : काय म्हणालात?

आढाव : पास म्हणालो. मोठ्यानं बोललो तर पोर जागी होईल. ऐका आता. मी इथं आलो तो हा वर्ग बंद करा असं मंडळाला सांगायच्या तयारीनं. सकाळी तुमचा सोलोमन आणि बाकीचे दोघे आले, तेव्हा थोडा डळमळलो. आता साफ पालटलो. वर्ग चालू राहील. त्यासाठी मला मंडळापुढं भांडावं लागलं तर मी भांडेन, मी निपाणीचा आहे, मला भांडता येतं. शिव्यांचा तास सक्तीचा करायला सांगेन, आणि पहिल्यांदा त्या खुर्चीवर मंडळाचे चिटणीस बसतील. दवाखान्यातली जागा तुमची. अमोलिकांना मीच सांगतो, त्यांना माझ्या तोंडून ऐकायला आवडेल.

रिबका : खरंच, साहेब? माझी आई असती तर आज तिनं सगळ्या आवाराला गोड खाऊ घातलं असतं.

आढाव : मी घालतो. जा तुम्ही. आणि बाई, तुमची नात घ्या आधी, माझा सदरा ओला झालाय.

यशोदाबाई : आशीर्वाद हाय त्यो, अण्णा. बारशाला या. नाव ठेवायचं ऱ्हायलंय हिचं, इतके दिस कुनाला सुदच नव्हती. आता ठेवतो. जोरात करतो.

आढाव : येईन. नक्की येईन.

रिबका : आक्का, जरा थांबा हो. मला रडू येतंय.

यशोदाबाई : वाटंत रड. जयाबाईच्या घरात सकाळधरनं समदी बोलाय लागल्यात, गप बसाय कोन न्हाय.